पट्टीखालचा अर्ज

“पन्नास टक्के म्हणजे पन्नास, एकोणपन्नास पूर्णांक नव्वद ही नुसती शेजारची आळी,” असं वहिनी एकदा खिडकीतून एका रडवेल्या अर्जदाराला म्हणाली होती. तो रडायचा थांबला आणि पत्ता चुकल्यासारखा तिच्याकडे बघत राहिला.

व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी देणाऱ्या त्या संस्थेत वहिनी बावीस वर्षं अर्ज तपासत होती. समोरच्या टेबलावर टायपिंग करायची तिची नणंद. घरात दोघींना एक स्वयंपाकघर, ऑफिसात एक पंखा, दोन्हींवरून वाद. अर्ज पुढ्यात आला की वहिनी त्याच्या नावावर आणि फोटोवर एक रुंद लाकडी पट्टी आडवी ठेवायची. पहिल्याच वर्षी तिने मावसभावाचा अर्ज डोळे मिटून पुढे ढकलला होता, आणि तो वर्गात फक्त झोपायला येतो असं नंतर कळलं होतं. तेव्हापासून पट्टी. पाठीमागे सगळे तिला पट्टीबाई म्हणत. नणंदेने तोंडावरही म्हणून पाहिलं होतं.

पदवीचे गुण, प्रवेश परीक्षेचं गुणपत्रक, अनुभवाचा दाखला, दोन शिफारसपत्रं, तीही नात्याबाहेरच्यांची: नियम तिला पाढ्यांसारखे पाठ. पण स्वतः ती नुसती पदवीधर. त्यामुळे प्रवेश अधिकाऱ्याच्या खुर्चीत दर दोन-तीन वर्षांनी कोणी नवा यायचा, तिच्याकडून काम शिकायचा आणि मग तेच तिला शिकवायचा. यंदा संस्थेने कर्मचाऱ्यांसाठी अर्धवेळ वर्गात एक जागा ठेवली, पहिल्यांदाच आणि बहुधा चुकून. ती मिळाली तर पुढेमागे खुर्चीही मिळणार होती. वहिनीने परीक्षा दिली, गुण चांगले आले. नणंदेने घरी अर्ज टाइप केला आणि वहिनीच्याच हुकमावरून तो गठ्ठ्याच्या तळाशी ठेवला. शेवटच्या दिवशी पावणेपाचला तो वर आला. खिडकी पाचला बंद व्हायची.

वहिनीने पट्टी ठेवली.

“नाव कुणाचं झाकतेस, वहिनी?”

“मला काय ठाऊक? झाकलंय ना.”

तिचं बोट ओळींवरून सरकत गेलं आणि एके ठिकाणी थांबलं.

“ही बाई भलतीच शहाणी दिसते. अनुभवाच्या दाखल्यावर वरिष्ठांची सही हवी. हिने स्वतःच ठोकलीय.”

नणंद उठून आली. खरंच. ऑफिसातला प्रत्येक दाखला तीच टाइप करायची, खाली ‘रजिस्ट्रारांकरिता’ लिहायची, आणि वहिनी सही करायची. सवयीने हाताने हातालाच प्रमाणपत्र दिलं होतं.

“आण इकडे. रजिस्ट्रारसाहेब आत बसलेत, सही घेऊन येते.”

“अर्जदाराचा कागद तिऱ्हाइताच्या हातात द्यायचा नाही.”

“मी तिऱ्हाईत? तुझ्या नवऱ्याची सख्खी बहीण?”

“अर्जदाराशी तुमचं नातं काय ते मला माहीत नाही, वन्सं.”

तिने लाल पेनने ‘त्रुटी’ लिहिलं. त्रुटी निघाली की खिडकीतून तीनदा पुकारायचं. अर्जदार बाहेर हजर असेल तर कागद दुरुस्तीला परत, नसेल तर अर्ज बाद. हा नियमही तिनेच सुचवलेला.

“अर्ज क्रमांक दोनशे बारा,” वहिनी खिडकीतून म्हणाली. बाहेर रिकामं बाक होतं आणि एक वाळकी कुंडी.

“अगं, तू इथेच आहेस.”

“मी आत आहे. अर्जदार बाहेर असतो. अर्ज क्रमांक दोनशे बारा.”

या वेळी आवाज जरा चिरकला. तो लांबलचक बोळातून गेला, टोकाच्या भिंतीला टेकला आणि कुणीच न भेटल्यासारखा परत आला. पाचला आठ मिनिटं कमी होती. वहिनीने तिसऱ्यांदा तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच तिला पुकारवत नाही हे नणंदेच्या लक्षात आलं.

“तिसऱ्यांदा मी पुकारते,” नणंद म्हणाली. “टायपिस्टने पुकारायचं नाही असं नियमात कुठे आहे ते दाखव.”

वहिनीने मनातल्या मनात सगळे पाढे म्हटले. सापडलं नाही.

तिने पट्टी नणंदेच्या हातात दिली. केसांवरून हात फिरवला, परक्या ऑफिसात निघाल्यासारखी पर्स खांद्याला लावली, आणि दारातून बाहेर पडून खिडकीसमोरच्या बाकावर जाऊन बसली.