फ्रेस्नोतली शिळा आणि हरवलेला मठ

कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोच्या विमानतळाबाहेर पाऊल टाकलं आणि कोरडं ऊन अंगावर आलं, अगदी नागपूरसारखं. सोबत आनी होती, टेक्सासमधल्या अर्विंगच्या ऑफिसातली माझी आर्मेनियन मैत्रीण. तिचे वडील हागोपकाका न्यायला आले होते.

काकांच्या आजोबांचं गाव पूर्व तुर्कस्तानातलं. वरच्या डोंगरात मध्ययुगातला ख्रिस्ती मठ होता. आपल्या भिक्खूंसारखे तिथले संन्यासी पोथ्या नकलून काढत. शंभरेक वर्षांपूर्वी आर्मेनियन लोकांच्या कत्तलीत गाव रिकामं झालं. पुढे मठही सुरुंगाने उडवला, दगडसुद्धा उरला नाही, असं घरात सगळे सांगत. आता एक विक्रेता त्याच मठाचा खाचकार (क्रूस कोरलेली शिळा) विकायला निघाला होता. तो भामटा असणार, अशी माझी खात्री होती. काकांना सावरायला म्हणूनच आनीने मला आणलं होतं.

काकांच्या घरी लवाश (रुमालीसारखी पातळ रोटी) आणि जर्दाळूचा मुरंबा खाऊन निघालो. द्राक्षमळ्यांत दोनदा रस्ता चुकलो. शेवटी एक पत्र्याचं गोडाउन सापडलं.

“फोन गाडीत ठेवा,” विक्रेता म्हणाला. मग माझ्याकडे बघून, “या कोण?”

“माझी मुलगीच,” काका म्हणाले.

शिळेवर क्रुसाखाली समोरासमोर दोन पक्षी होते. काकांच्या घरातल्या जुन्या फोटोत हेच पक्षी मठाच्या दारावर दिसतात. मी मागे जाऊन बोट फिरवलं. पाठ पांढरी, सरळ, करवतीचे वळ असलेली. बोटाला भुकटी लागली.

“काका, ही नवी आहे. फसवतोय हा.”

ते वाकले. मग पुढे येऊन पक्ष्यांच्या झिजलेल्या कडा चाचपल्या.

“पुढची बाजू जुनीच आहे, बेटा. मागून आत्ता भिंतीतून कापून काढलीय.” मग विक्रेत्याला विचारलं, “ती भिंत उभी आहे?”

“शिळा हवी की भिंत?” तो दाराकडे बघत म्हणाला.

काकांनी शिळेला कपाळ टेकवलं आणि बाहेर पडले. आनीने पोलिसांना फोन केला. ते दुसऱ्या दिवशी पोचले तोवर गोडाउन रिकामं झालं होतं.

परतताना विमानात मला चुटपुट लागली होती. खोटं पकडायला गेले आणि खरी शिळा चोराच्या हाती सोडून आले. त्या भुकटीत मला फसवणूक दिसली. काकांना मात्र कुठेतरी अजून उभी असलेली भिंत दिसली होती.

सोमवारी लंचला आनी म्हणाली, “बाबांनी पासपोर्ट रिन्यू करायला टाकलाय.”

“ती भिंत शोधायला त्यांना एकटं पाठवू नकोस,” मी म्हटलं.