सातव्या किनाऱ्याची बोट

मर्व्ह डाउलिंगने एकोणीस वर्षं प्रत्येक तारखेत एक दिवस मिळवला, आणि जिथे मिळवायचा नव्हता तिथेही मिळवला, म्हणून नोलीन स्कलीचा प्रश्न राहून गेला.

त्याचं असं झालं. 'सात किनारे' हा कॉम्प्युटरवरचा खेळ बनवणारी मंडळी कॅलिफोर्नियात बसतात आणि खेळणारी जगभर. त्यातली तीन टाळकी टास्मानियात, बर्नी गावात. तिकडे सोमवार असतो तेव्हा इकडचा मंगळवार म्हातारा व्हायला आलेला असतो. म्हणून कंपनीने कुठलीही तारीख दिली की बर्नीकरांनी तीत एक दिवस घालायचा, हा शिरस्ता. नवी तलवार शुक्रवारी मिळणार म्हणजे शनिवारी. राक्षसिणीची जत्रा शनिवारी म्हणजे रविवारी. हा हिशेब मर्व्हकडे होता, कारण बंदरावर लाकडाच्या ढलप्यांचे ट्रक तोलणाऱ्या काट्यावर तो चौतीस वर्षं बसला होता आणि त्याचा आकडा चुकला असं कोणी कधी म्हटलं नव्हतं.

यंदा कंपनीने जाहीर केलं की खेळणाऱ्यांच्या पंधरा वर्षांहून जुन्या टोळ्यांनी प्रत्येकी एक प्रश्न पाठवावा, रविवारी सकाळी खेळ बनवणारे स्वतः उत्तरं देतील. मुदत गुरुवार संध्याकाळी सहा. आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच कंपनीला दक्षिणेकडच्या लोकांची दया आली, म्हणून तिने दोन्ही वेळांपुढे दोन शब्द घातले, 'तुमच्या घड्याळाने'. मर्व्हने गुरुवार वाचला, मनातल्या मनात शुक्रवार केला आणि पुढचे दोन शब्द वाचायची गरज त्याला वाटली नाही. शुक्रवारी सकाळी दहाला, चहा पिऊन, चष्मा पुसून, आपण आठ तास आधी पाठवतोय या समाधानात त्याने बटण दाबलं. उलट टपाली यंत्राने कळवलं की मुदत काल संपली.

तो तसाच कोट चढवून शाळेच्या रस्त्याकडे निघाला. नोलीन तिथे रोज सकाळी आणि दुपारी उभी असते, अंगात पिवळं जाकीट, हातात 'थांबा' लिहिलेली काठी. वय त्रेसष्ट, उंची बेताची, चेहरा असा की ट्रकवालेसुद्धा काठी वर जायच्या आधीच ब्रेक दाबतात. कागद कारखान्यात तिची बावीस वर्षं गेली. कारखाना बंद झाला तेव्हा तिने रडारड केली नाही. दुसऱ्या सोमवारी ती काठी घेऊन चौकात हजर होती. मर्व्हला ती चौकात सापडली, कारण सकाळची शाळा भरून गेली तरी बालवाडीच्या उशिरा येणाऱ्या पोरांसाठी ती थांबते. त्याने सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाजूला हो मर्व्ह, पोरं येतायत."

रागावली असती तर मर्व्हला बरं वाटलं असतं. दुपारी तो शिंपल्यांची करी भरलेला पाय, म्हणजे भट्टीत भाजलेली मोठी करंजीच, घेऊन तिच्या घरी गेला. तिने अर्धा खाल्ला, अर्धा कागदात गुंडाळून ठेवला आणि दार लावून घेतलं. हा अर्धा पाय मर्व्हला दोन दिवस छातीत अडकल्यासारखा वाटत होता.

आता बाहेरच्या माणसाला वाटेल, खेळातला एक प्रश्न, तो राहिला तर राहिला. पण कुठला प्रश्न पाठवायचा यावरून आदल्या मंगळवारी पबमध्ये दीड तास वाद झाला होता. मंगळवार हा या टोळीचा उपास. कॅलिफोर्नियावाले त्यांच्या पहाटे खेळ बंद ठेवून झाडलोट करतात, आणि त्यांची पहाट म्हणजे बर्नीची ऐन संध्याकाळ. म्हणून दर मंगळवारी संध्याकाळी खेळ नाही, आणि खेळ नाही म्हणून टोळी पबमध्ये जमून, उपासाचं असावं तसं भक्तिभावाने, चीज घातलेलं कोंबडीचं कटलेट खाते. पूर्वी सव्वीस जण असायचे, चार टेबलं जोडावी लागायची. आता खिडकीजवळचं एकच पुरतं आणि त्याचीही एक खुर्ची रिकामी राहते. तिसरी काझ, औषधाच्या दुकानात काम करणारी, तिचा प्रश्न होता की खेळातला घोडा गुडघाभर पाण्यात का बुडतो. तिचे आतापर्यंत अकरा घोडे बुडाले होते. मर्व्हला विचारायचं होतं की आमचा घाव पाऊण सेकंद उशिरा का लागतो. मग नोलीन काटा खाली ठेवून म्हणाली, "माझा प्रश्न सगळ्यांना माहितीये." काझने घोडा सोडून दिला.

नोलीनचा प्रश्न असा होता. खेळाचं नाव 'सात किनारे', पण खेळात किनारे सहाच. सहाव्या किनाऱ्याच्या टोकाला एक लाकडी धक्का आहे, आणि धक्क्यावर पाटी : 'सातव्या किनाऱ्याची बोट लवकरच सुटेल'. ती पाटी पहिल्या दिवसापासून आहे. बाकीचे एकदा बघून, हसून परत फिरले. नोलीनने मात्र गेली अकरा वर्षं, दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, कंपनीच्या फलकावर एकच ओळ लिहिली : बोट कधी? आणि कंपनीने दरवेळी कळवलं, आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे.

खेळात तिला आणलं तिच्या मुलाने, ब्रेंडनने. तो पंधरा वर्षांचा होता. बंद खोलीत तो कोणावर ओरडतो हे बघायला ती आत गेली आणि तासाभराने तिच्या हातात माऊस होता. त्याने तिला वैदीण केलं. म्हणाला, "मम, तू फक्त मागे उभी राहा आणि मला मरू देऊ नकोस." हे काम तिला जमलं. इतकं जमलं की सव्वीस जणांच्या टोळीत तिच्या नावाचा दबदबा झाला. घाव पाऊण सेकंद उशिरा पोचतो तसं मलमही उशिरा पोचतं, तोवर माणूस आडवा होतो. नोलीनने त्यावर तोडगा काढला. जखम व्हायच्या आधीच ती मलम पाठवायची. कोणाला कधी लागणार हे तिला कळायचं कसं, हे मर्व्हने एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, चेहरा बघून. खेळातल्या बाहुल्यांना चेहरा असा नसतो, हे त्याने तिला सांगितलं नाही.

आठ वर्षं मायलेक खेळले. मग ब्रेंडनने पश्चिमेला, कालगुर्लीच्या खाणीत जायचं ठरवलं, आणि नोलीनच्या तोंडून एक वाक्य गेलं : "जा, बापासारखाच जा." बाप पूर्वी कधीतरी बोटीने मेलबर्नला गेला होता आणि तिथे त्याला दुसरं घर सापडलं होतं. त्या वाक्यानंतर पाच दिवस एकाच घरात दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. निघायच्या दिवशी सकाळी, सामान दारात बांधून ठेवलेलं असताना, ब्रेंडन आपल्या खोलीत खेळायला बसला. नोलीन आपल्या खोलीत बसली. मध्ये एक भिंत. तो आपल्या शिपायाला घेऊन त्या धक्क्यावर जाऊन उभा राहिला, ती आपली वैदीण घेऊन शेजारी गेली. बराच वेळ दोघं समुद्राकडे तोंड करून उभे होते. मग त्याने लिहिलं, "बोट आली की सांग मम, येईन परत."

आणि तो उठला, सामान उचललं आणि डेव्हनपोर्टला जाऊन खरी बोट पकडली.

तेव्हापासून टोळीच्या यादीत त्याचं नाव करडं आहे. शेजारी लिहिलेलं असतं, शेवटचा आला अकरा वर्षांपूर्वी. फोन येतो, नाही असं नाही. ख्रिसमसला येतो आणि तिच्या वाढदिवसाला येतो, चार मिनिटं. दोघं हवामानावर बोलतात. ये असं ती म्हणत नाही. त्याने अट घातली होती आणि ती अजून पुरी झाली नव्हती. हट्टाच्या बाबतीत ती मायलेकं एकाच लाकडाची.

रविवारी सकाळी सातला, या वेळी एकही दिवस न मिळवता, तिघं मर्व्हच्या घरी जमले. जूनची थंडी, चुलीत ओली लाकडं, खिडकीबाहेर बंदरावरचा ढलप्यांचा डोंगर धुक्यात अर्धा. काझने टीव्हीला कसली तरी वायर जोडली आणि पडद्यावर तीन माणसं आली. एक दाढीवाला, एक टोपीवाला आणि एक चष्मेवाली, जिच्या चेहऱ्यावर बरीच रात्र जागल्याचं दिसत होतं. प्रश्न वाचले जाऊ लागले. पर्थच्या टोळीने विचारलं होतं की ड्रॅगनच्या पाठीवर एका वेळी दोघांना का बसता येत नाही. न्यूझीलंडच्या एका आजोबांनी विचारलं होतं की मासळीबाजारातला तो आंधळा कोळी काढून का टाकला, मी रोज त्याला नमस्कार करायचो. दाढीवाला हसत उत्तरं देत होता, आणि प्रत्येक उत्तराचा अर्थ एकच, आता आठवत नाही.

मग टोपीवाल्याने हात जोडल्यासारखे केले आणि तो आभार मानायला लागला. आभार लांबले तेव्हाच मर्व्ह समजला. काट्यावर ट्रक रिकामा असला की ड्रायव्हर असाच जास्त बोलतो. तीस जूनला दक्षिणेचा सर्व्हर बंद होणार होता. खेळणारे उरले नाहीत, असं टोपीवाला म्हणाला.

काझने नाक पुसलं. नोलीन हलली नाही. तिची नजर पडद्याखाली धावणाऱ्या लोकांच्या ओळींवर होती, कारण तिथे कोणालाही काहीही लिहिता येत होतं, फक्त ते कोणी वाचत नव्हतं.

मर्व्हने खुर्ची पुढे ओढली आणि दोन बोटांनी टाइप केलं, सातव्या किनाऱ्याची बोट कधी? ओळ वाहून गेली. त्याने परत लिहिलं. परत. नवव्या वेळी यंत्राने त्याला ताकीद दिली, तेराव्या वेळी हाकलून दिलं. चौतीस वर्षांच्या नोकरीत ज्याला कोणी एक मेमो दिला नाही, त्याने सहासष्टाव्या वर्षी काझचा फोन हिसकावला आणि तिच्या नावाने सुरुवात केली.

"मर्व्ह, माझंही खातं घालवशील," काझ म्हणाली.

"एकोणीस दिवस उरलेत त्याचे. घालवू दे."

आणि चष्मेवाली खाली वाकली. "हे कोणीतरी सारखं विचारतंय," ती म्हणाली, "सातवा किनारा." दाढीवाला हसला, ती नाही हसली. तिने सांगितलं की ती कंपनीत आली तेव्हा धक्क्याचं चित्र काढणारा चित्रकार सोडून गेला होता, तिने फक्त ऐकलेलं. त्याला समुद्र फार ओकाबोका वाटला, म्हणून त्याने धक्का काढला. नाव आधीच छापून झालं होतं आणि किनारे सहाच झाले होते, म्हणून कोणीतरी पाटी लावली. "बोट कधीच काढली नव्हती," ती म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, "सॉरी, जे कोणी आहात." आणि पुढचा प्रश्न आला, तो टोप्यांच्या रंगाविषयी होता.

काझने टीव्ही बंद केला. चुलीतलं लाकूड सुं सुं करत होतं. मर्व्हला काहीतरी बोलायचं होतं, पण चूक त्याची, आणि आता उत्तरही त्यानेच खेचून आणलेलं. प्रश्न वेळेत गेला असता तर निदान एखाद्या शहाण्याने आधी बसून, शब्द निवडून हेच सांगितलं असतं. त्याने भीतभीत नोलीनकडे पाहिलं. ती कोटाची बटणं लावत होती, खालून वर, एकही न चुकवता.

"धक्का तीस तारखेपर्यंत असेल ना?" तिने विचारलं.

"असेल. सगळंच असेल तोवर."

ती दारात आली आणि खिशातून फोन काढला. फाटकापर्यंत मर्व्ह तिच्या मागे गेला. गवतावर हिमाचा पांढरा थर होता आणि त्यावर तिच्या बुटांचे ठसे सरळ रेषेत उमटत होते. फाटकाशी ती थांबली.

"कालगुर्लीला आत्ता किती वाजले असतील?"

मर्व्हने घड्याळ पाहिलं, सवयीने काहीतरी मिळवायला गेला आणि थांबला. "दोन तास वजा. सव्वासहा."

"उठला असेल. खाणीची सवय आहे." तिने नंबर काढला. ख्रिसमस नव्हता, वाढदिवस नव्हता, आणि तिचा अंगठा बटणावर होता. मर्व्हला राहवलं नाही.

"नोलीन, ती बाई आत्ताच म्हणाली बोटच नाही. काय सांगणार आहेस त्याला?"

तिने फोन कानाला लावला.

"बोट आली म्हणून."