मागच्या खोलीचं वायफाय

आमच्या घरात वायफायचा डबा देवाशेजारी आहे. गोंडपिपरीत आमच्या गल्लीत फायबरची जोडणी आली तेव्हा तो लावायला आलेल्या माणसाने जागा विचारली, आणि सासूबाईंनी पुढच्या खोलीतल्या देवळीकडे बोट दाखवलं. तिथे प्लग होता, आणि देवाच्या भीतीने नाही तरी उदबत्तीच्या वासाने उंदीर तिकडे फिरकत नसत. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

मी घरातून दहावीच्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवते. दुपारपासून संध्याकाळपर्यंत माझ्या खोलीत, माझ्या टेबलावर. पण दर महिन्याला चार दिवस ती खोली माझी नसते. पाळी आली की अंगण ओलांडून मागच्या वाडीतल्या टिनाच्या खोलीत बसायचं, असा या घरचा नेम आहे. तिथे धानाची पोती, फवारणीचा पंप आणि एक बाज. लग्न झाल्यापासून मी याबद्दल समजुतीने बोलले, रडले, कडाकडा भांडलेही. नवऱ्याचं उत्तर ठरलेलं असे. आईचं वय झालं, आता तिला काय बदलायचं. आईचं वय झालं हे खरं, पण बसावं मला लागत होतं.

देवळीतलं नेट त्या खोलीपर्यंत पोहोचत नसे. मध्ये दोन जाड भिंती, स्वयंपाकघर, अंगण आणि वर टिन. मोबाइलचं नेट लावून शिकवायला जावं तर मी समीकरण मांडता मांडता पडद्यावर थिजून जायची आणि मुलं तिकडे हॅलो हॅलो करत बसायची. पालकांच्या तक्रारी गेल्या. ज्या शिकवणीसाठी मी काम करते तिथून निरोप आला की पुन्हा असं झालं तर हा वर्ग दुसऱ्या कोणाला द्यावा लागेल. मला वर्ग जाण्याची धास्ती होती, पण मनात थोडा आनंदही झाला. म्हटलं, आता तरी मला माझ्या खोलीत बसू देतील.

घरात चर्चा झाली. सुनेचं काम जायला नको यावर सगळ्यांचं एकमत झालं. सुनेने चार दिवस घरात बसावं यावर मात्र कोणाचंच झालं नाही. निष्पन्न असं झालं की नवऱ्याने चंद्रपूरहून दुसरा राउटर आणला आणि सोबत लांबलचक वायर. मी थक्क झाले. घरभर वायर ओढायला हे लोक तयार होते, पण मला अंगण ओलांडून आत येऊ द्यायला तयार नव्हते.

तो लावायची वेळ आली तेव्हा मी नेमकी मागे बसलेली. नवऱ्याने नवा डबा देवळीत नेला, जुन्याला जोडला आणि बटण दाबलं. क्षणात घरभराचं नेट गेलं. दोन्ही डबे स्वतःचा एकच पत्ता सांगत होते, आणि घरातल्या मोबाइलांना पत्ते वाटायचं कामही दोघांनी एकदमच सुरू केलं होतं. एका एसटीत दोन कंडक्टर चढावेत आणि दोघांनी आपापली तिकिटं फाडावीत तसा गोंधळ. सासूबाईंचं मोबाइलवरचं भजन बंद पडलं. त्यांनी कारणही लगेच शोधलं. नेट वाडीत न्यायला निघालो म्हणून बिघडलं म्हणाल्या.

मी अंगणात उभी राहून ओरडत होते की तो डबा माझ्याकडे आणा, त्याची सेटिंग बदलावी लागते. पुढच्या खोलीत जायची मला बंदी, आणि ज्याला जायची मोकळीक होती त्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. "मी करून राह्यलो ना" असं तो आतून तीनदा म्हणाला. शेवटी वैतागून डबा घेऊन आला. मी बाजेवर बसून तो लॅपटॉपला जोडला, त्याचा पत्ता बदलला, त्याचं पत्ते वाटणं बंद केलं. डब्याच्या पाठीला एकाच रंगाच्या भोकांची रांग असते आणि एक भोक वेगळ्या रंगाचं; वायर रांगेतल्या एकात घातली, वेगळ्या रंगाच्यात नाही. वायरीचं दुसरं टोक पुढे त्याच्याकडून जोडून घेतलं, जुना डबा बंद-चालू करायला लावला. नेट आलं. मागच्या खोलीत कधी नव्हे इतकं स्वच्छ आलं.

तेवढ्यात सासूबाईंच्या लक्षात आलं की वायरीचं एक टोक देवापाशी आहे आणि दुसरं माझ्या हातातल्या डब्यात. त्या थबकल्या. नवरा त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. थोडा विचार करून त्यांनी निकाल दिला, "पिलास्टिकले विटाळ नाई लागत."

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, माझ्या खोलीतली खुर्चीही प्लास्टिकचीच आहे, मग मी तिच्यावर जाऊन बसते. त्या म्हणाल्या, ते येगळं. काय वेगळं ते त्यांनी सांगितलं नाही आणि नवऱ्याने विचारलं नाही.

पुढे महिनाभर शेजारच्या बायका ती खोली बघायला येत होत्या. सुनेसाठी वेगळं वायफाय, काय हौशी घर आहे, किती सुधारलेले लोक आहेत, असं कौतुक चाललं होतं. सासूबाई त्यांना चहा देत होत्या. माझा मात्र संताप संताप होत होता. माझा आवाज त्या वायरीतून देवळीत जात होता, देवाच्या शेजारून बाहेर पडत होता, शेकडो मैलांवरच्या मुलांच्या घरात शिरत होता, आणि त्यासाठी कोणी गोमूत्र शिंपडत नव्हतं. सगळं आत जात होतं, फक्त मी सोडून. आधी निदान ती खोली वाईट आहे हे तरी सगळ्यांना कबूल होतं. आता ती सोय झाली होती.

माझी मुलगी तेव्हा सातवीत होती. पुढच्या खेपेला मी मागे बसले असताना ती दाराबाहेर स्टूल टाकून अभ्यास करत होती. तिची आजी पाण्याची कळशी ठेवायला आली, राउटरच्या दिव्यांकडे समाधानाने बघून नातीला म्हणाली, "बरं झालं बाई. पुढं तू बाहेर बसाले लागली का तुले बी इथी कंटाळा नाई येनार."

मुलीने वहीतून मान वर केली आणि त्या बाजेकडे पाहिलं.

मी लॅपटॉप उचलला. अंगण ओलांडलं, स्वयंपाकघरातून, पाण्याच्या हंड्याशेजारून सरळ माझ्या खोलीत गेले आणि टेबलाशी बसले. नवरा मागोमाग आला, आजचा दिवस तरी जाऊ दे म्हणाला. मी त्याला सांगितलं की आपली मुलगी तिथे बसणार नाही, म्हणून मीही बसणार नाही. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या रागावतील असं वाटलं होतं, पण आवाज रडवेला होता. "आमच्या येळी तिथी बलब बी नव्हता. तुले त नेट देल्लं."

मी लॅपटॉप उघडला. वर्ग सुरू व्हायला आला होता. त्यांना तिथे अंधारात बसवणाऱ्यांचा मला आजही राग येतो, आणि त्यांना तो येत नाही याचा त्याहून जास्त येतो.

त्या दिवसापासून मी माझ्याच खोलीत बसते. त्या चार दिवसांत सासूबाई आपला स्वयंपाक वेगळा करतात, माझ्याशी बोलत नाहीत. ते मी सोसते. यंदा मुलगी आठवीत गेली. एका संध्याकाळी ती अभ्यास सोडून न्हाणीघरात गेली, बऱ्याच वेळाने परत आली, आणि माझ्या टेबलाशेजारच्या तिच्या जागी अवघडून बसली. मला सांगितलं. मग खालच्या आवाजात विचारलं, "आई, मी आता कुठी बसू?"

हा प्रश्न तिला पडावा याचीच मला चीड आली. मी तिची वही तिच्यापुढे सरकवली.

"बसलीच आहेस ना," मी म्हटलं. "गणित पूर्ण कर."