एका दमात दहा नावं

त्या संध्याकाळी माझं सगळं लक्ष बाबांच्या ओठांकडे होतं. निळे पडताहेत का, ते बघत बसले होते. करोनानंतर त्यांची फुप्फुसं कामातून गेली, घरात ऑक्सिजनचं मशीन आलं, आणि तरी गडी हट्टाला पेटलेला: पुरीमच्या सणाचं वाचन मीच करणार.

जळगावात आम्ही ज्यू म्हणजे बोटावर मोजण्याइतके. बाबा रेल्वेच्या नोकरीपायी कोकणातून इकडे आले ते इथलेच झाले. पुरीमला धुळ्याचं एक कुटुंब येतं, शेजारच्या अक्का खापरावरच्या पुरणपोळ्या घेऊन येतात, गल्लीतले दोघं-चौघं डोकावतात. गोष्ट आता सगळ्यांना पाठ आहे. राजाच्या दुष्ट प्रधानाने आमच्या कत्तलीचा घाट घातला, आणि आमच्यातल्याच एका राणीने जीव मुठीत धरून राजापुढे जाऊन तो उधळला. चामड्याच्या गुंडाळीवरून हे हिब्रूत वाचायचं आणि प्रधानाचं नाव आलं की ते ऐकूच येऊ नये इतका गोंगाट करायचा. आमच्याकडे थाळ्या बडवतात. मीही त्याचं नाव इथे लिहिणार नाही. मेला त्याच लायकीचा आहे.

नेमकी त्याच संध्याकाळी होळी. चौकात गोवऱ्या रचलेल्या. मी दुपारीच खिडक्या लावून फटींत ओली फडकी कोंबली होती. त्यात बाबांनी राणीच्या नावाचा उपास धरलेला, पोटात पाण्याचा थेंब नाही. "या वर्षी धुळ्याचे भाऊ वाचतील," असं मी सुचवून पाहिलं. "त्याला एक ओळ धड वाचता येत नाही," बाबा म्हणाले, तेही भाऊंच्या तोंडावर. मग नाकातली नळी काढून त्यांनी माझ्या हातात दिली. "ही लावून वाचलेलं देवालाही कळायचं नाही."

आणि लागले वाचायला. थोड्याच ओळींत छाती भात्यासारखी वरखाली व्हायला लागली. माझा जीव टांगणीला. तेवढ्यात प्रधानाचं नाव आलं, अक्कांनी थाळी बडवली, आणि त्या आवाजात बाबांनी श्वास भरून घेतला. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पुढच्या वेळी सगळे थांबले तरी मी थांबले नाही. अक्कांच्या ते लगेच ध्यानात आलं. "वाजाडा रे बठ्ठा! आबाले दम खाऊ द्या!" त्या ओरडल्या. मग आम्ही थाळ्या अशा झोडल्या की पोचे पडले. "पुरे की! तो मेला केव्हाच!" बाबा करवादले, पण त्यांच्या गालावर जरा रंग आलेला मला दिसत होता. असं करत करत आम्ही त्यांना पुढे नेलं. बाहेर होळी पेटली. धूर कुठून आत शिरला देव जाणे, बाबा खोकायला लागले.

माझी खरी भीती मात्र पुढेच होती. शेवटाकडे प्रधानाच्या दहा मुलांची नावं येतात. ते दहाही एकाच वेळी मेले, म्हणून त्यांची नावं एकाच दमात म्हणायची. मध्ये श्वास नाही, की थाळी नाही. तिथे आम्हाला काहीच करता येणार नव्हतं.

बाबांनी डोळे मिटले, छाती भरून घेतली आणि सुरुवात केली. आठव्या नावावर दम संपला. "झालं, आता पुढे वाचा," मी म्हणाले. झालं कसलं! ते पुन्हा पहिल्या नावापासून सुरू झाले. या वेळी सहाव्यावरच अडकले. ओठ जांभळे. धुळ्याच्या वहिनी रडायला लागल्या. मी नळी घेऊन धावले तर त्यांनी माझा हात झटकला आणि तिसऱ्यांदा तोंड उघडलं. हा माणूस आता माझ्या डोळ्यांदेखत जाणार, आणि तोही त्या नतद्रष्टाच्या पोरांपायी!

तेव्हा मला काय झालं कोण जाणे, मीच ती नावं म्हणायला लागले. आमच्यात बायका वाचत नाहीत. पण जन्मभर ऐकलेली नावं ती, तोंडातून सुटली ती सुटलीच. कान तापले, डोळ्यांपुढे अंधारी आली, पण शेवटचं नाव संपेपर्यंत मी श्वास घेतला नाही. मग धपकन खाली बसले.

तोवर अक्कांनी बाबांच्या नाकात नळी घातली होती. आता बोलणी खावी लागणार म्हणून मी मान वर करेना.

"सातवं गाळलंस," बाबा म्हणाले.

"बाबा, पुरे ना आता!"

त्यांनी गुंडाळी माझ्यापुढे सरकवली. माझा हात धरून पहिल्या नावापाशी नेला. त्यांची बोटं गारठलेली होती.

"परत म्हण. अक्षरं बघून म्हण. पुढच्या वर्षी चूक दाखवायला..."

तिथे त्यांना दम लागला. ते वाक्य पुरं व्हायला मला नको होतं. मी घाईघाईने छाती भरून घेतली आणि म्हणायला लागले.