राजमाचीच्या वाटेवरची काटेरी फांदी

मंडळी, राजमाचीहून आत्ताच परतलो. व्यायामशाळेच्या फलकावर आधी हेच लिहितो.

सकाळी वाटेत काटेरी फांदी आडवी पडली होती. मागच्यांना बोचू नये म्हणून मी ती उचलून दरीत टाकली. पुढं वाट पावसात खचली होती आणि गवतामुळं ते दिसत नव्हतं. आपल्या बंडूचा पाय आत गेला. पाठीवरच्या पिशवीचा पट्टा धरून आम्ही त्याला ओढलं म्हणून वाचला.

उतरताना गवताचा भारा घेतलेली वाडीतली मावशी भेटली. "वाट मोडली म्हून फांदी आडवी टाकली व्हती. कुनी काडली?"

मी बुटाची नाडी बांधायला वाकलो.

तिनं भारा उतरवला, कोयत्यानं नवी फांदी तोडली आणि एकटीच परत वर चढली.

मंडळी, फांदी मी काढली. एवढं तिच्यासमोर का बोललो नाही?