हरलेल्याची मिरवणूक

आमची ही गेल्यापासून मला टाकून बोलणारं घरात कुणी उरलं न्हाई. भेटायला येणारे 'केसरी' म्हणून रामराम घालतेत. ती होती तवर असं कुणी म्हणलं की तोंडाला पदर लावून आत निघून जायची. का जायची ते आमच्या घरात तिला अन् मलाच म्हाईत होतं.

गोष्ट बहात्तरचा दुष्काळ सरल्यानंतरची, जालना जिल्हा व्हायच्या आधीची. तीर्थपुरीच्या बाजाराला जाणाऱ्या आमच्या पंचक्रोशीत तेव्हा कुस्तीचे दोन केसरी होते. एक मी. देवळाच्या कमिटीनं जत्रेच्या फडात मला फेटा बांधून गदा दिल्ती. दुसरा ओढ्यापल्याडच्या बौद्ध वस्तीतला, माझ्याच वयाचा. तो दर जत्रेला लंगोट लावून फडाच्या कडेला बसायचा अन् कमिटी दरसाल त्याला एकच सांगायची, तुझ्या जोडीचं कुणी न्हाई. जोडीचा मी होतो, समोरच बसलेलो. पण आमच्या लोकायला त्याच्या अंगाला अंग लावू द्यायचं नव्हतं, अन् तसं तोंडावर म्हणायची हिंमतबी नव्हती. शेवटी वस्तीनं जयंतीला आपला फड भरवला, आपली कमिटी केली, आपली गदा आणली. तोबी पंचक्रोशीचा केसरी झाला.

मंग बाजारात चहावाला विचारायचा, "केसरी म्हंजी कोणता? जत्रेचा का जयंतीचा?" लोक हसायचे. आमची कमिटी म्हणायची त्यांची गदा खोटी, त्यांची म्हणायची आमची खोटी. दोघायला समोरासमोर सोडा, मंग कळंल, हे कुणीच म्हणायचं न्हाई. म्हणली ती आमची ही. नवी नवरी होती, बैलाला कडबा टाकता टाकता म्हणली, "एकट्यानंच पळायचं अन् पैला आलो म्हणायचं. लई सोपंय."

ते मला लागलं. जयंतीला कुणाला न विचारता मी त्यांच्या फडात जाऊन उभा राह्यलो. पंचांनी विचारलं, तुझ्या कमिटीची परवानगी हाय का. मी म्हणलं, लंगोट माझाय. ह्यात काही डाव असंल म्हणून त्यांच्यात कुजबूज झाली. तोच म्हणला, सोडा, त्यासाठीच तर बसलोय इतकी वर्षं.

लई वेळ खडाखडी झाली. दम माझ्यातबी होता. मंग त्यानं ढाकेचा डाव लावला अन् मला आभाळ दिसलं. दोन्ही खांदे मातीत. वाद घालायला जागाच न्हाई. त्यानं हात देऊन उठवलं, माझी पाठ झटकली. खरं सांगतो, घरी येताना मला हलकं वाटून राह्यलं होतं. हिला सांगितलं, पडलो. ती म्हणली, मंग आता नीट जेवा.

सकाळी दारात हलगी वाजली. कमिटीचा मुख्य म्हंजी माझा चुलता, हातात फेटा घेऊन आल्ता.

मी म्हणलं, "काका, माझी पाठ टेकली."

"कुस्ती आपल्या कमिटीनं लावल्ती का? न्हाई. पंच आपला होता का? न्हाई. मंग ती कुस्तीच न्हाई. तुझी पाठ टेकली असंल, केसरी न्हाई टेकला."

लोक हसले. त्यानं मला फेटा बांधला. बाया हिला म्हणल्या, ओवाळ. हिनं ताट खाली ठेवलं अन् चुलत्याला हळूच म्हणली, "मामंजी, पडलेल्याला ओवाळतेत का कुठं?" त्यानं ऐकून न ऐकल्यावाणी केलं. मला तिथंच फेटा काढता आला असता. पण चुलत्याच्या विहिरीवर आमचं रान भिजत होतं. न्हाई काढला.

मिरवणूक मुद्दाम वस्तीवरून नेली. तो दारात चूळ भरत उभा होता. खांद्यावर गदा घेऊन मी त्याच्यासमोरून गेलो. त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो नुसता बघत राह्यला. हरल्याची लाज एका रात्रीत उतरली होती. ही लाज चढली ती चढलीच.

त्याच दिवशी दिवस मावळताना गदा घोंगडीत गुंडाळून त्याच्या दारी गेलो. म्हणलं, ही तुझी.

"तुमच्या लोकायनी दिली का?"

"मी देतो."

"मंग ने वापस. दिवसा दे, लोकायसमोर दे. घोंगडीतली गदा मला नको."

वापस आणली. पुढच्या जत्रेत देऊ म्हणलं, मंग त्याच्या पुढच्या. हिनं एकदाबी आठवण करून दिली न्हाई, तेच जास्ती टोचायचं. मी कुस्ती सोडली. कमिटीनं दुसरा केसरी केला. वस्तीवरला तो जालन्याला कारखान्यात कामाला लागला. त्याला आमच्या फडात कुणी बोलावलं न्हाई ते न्हाईच.

हिचं दहावं झालं अन् तो भेटायला आला. काठी टेकत, बसनं. भर दुपार होती, ओसरीवर सगळी भावकी बसलेली. पुतण्यानं त्याला ओळखलं न्हाई. पाणी देत म्हणला, "आमचे काका म्हंजी जुने केसरी. उभ्या जिंदगीत पाठ टेकली न्हाई त्यांची."

तो म्हणला, "हां, ऐकलंय."

मला ऱ्हावलं न्हाई. "टेकली," म्हणलं. "ह्यानं टेकवली, ढाक लावून. केसरी हा हाय. मी न्हाई."

 मंग पुतण्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला अन् बाकीच्यायला हळूच सांगितलं, "काकी गेल्यापासून असंच कायबी बोलून राह्यलेत." माणसांनी माना हलवल्या. एक जण म्हणला, मोठ्या मनाचा माणूस, आल्या पाहुण्याला मान देतोय.

तो खाली बघत बसला. मी भावकीच्या एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. हे खरंय म्हणणारी एकच होती, अन् तिच्यासाठीच तर ही सगळी बसली होती.