फेस कुठल्या विहिरीचा

विज्ञानाची शिक्षिका म्हणून माझी पहिली नेमणूक येलदरीच्या अलीकडच्या एका गावात झाली. धरण जवळ, पण धरणाचं पाणी त्या गावाला नव्हतं. ते नदीतून खाली निघून जायचं आणि गाव बोअरचं पाणी प्यायचं. मी गंगाखेडची, गोदावरीच्या पाण्यावर वाढलेली. पहिल्या आठवड्यातच माझ्या केसांनी तक्रार केली. न्हाऊन आले की केस तागासारखे राठ व्हायचे, आणि साबण कितीही फिरवला तरी फेस धरायचा नाही. मी शाळेजवळच खोली घेतली होती. घरमालकीण म्हणाली, "बाई, आमच्या पाण्यात साबण मरतंय. दोन म्हयने कळ काढा, सवय होती."

सवय झाली नाही, पण त्या पाण्यानं मला शिकवायला एक चांगला धडा दिला.

सातवीच्या वर्गात सुफेन आणि दुष्फेन पाण्याचा विषय काढला तेव्हा मुलं 'दुष्फेन' शब्दाला खूप हसली. कुणीतरी एका खोडकर पोराला लगेच ते नावही ठेवून टाकलं. मी उदाहरण म्हणून समुद्राच्या पाण्याची गोष्ट सांगायला लागले आणि मध्येच थांबले. वर्गातल्या एकानंही समुद्र पाहिलेला नव्हता. मी पुस्तक मिटलं आणि सगळ्यांना घेऊन स्वयंपाकाच्या शेडकडे गेले.

तिथं आमच्या शाळेच्या मावशी दुपारची खिचडी शिजवायच्या. शाळेच्या मागच्याच घरात राहणारी, कडक बोलणारी, पण पोरांना पोटभर वाढणारी बाई. त्यांच्या मोठ्या पातेल्याला आतून पांढरा, जाड थर बसलेला होता. मी चमच्यानं तो खरवडून एका ताटलीत घेतला आणि वर लिंबू पिळलं. थर फसफसायला लागला.

"बाई, हे तर बिनइस्तवाचं उकळायलंय," एक मुलगी म्हणाली.

ही मुलगी पुढं या गोष्टीत बरीच येणार आहे. शाळा समितीतल्या एका मोठ्या शेतकऱ्याची ती लेक. लांब वेण्या, धीट, आणि एखादी गोष्ट पटेपर्यंत मान न हलवणारी.

मी सांगितलं की पाण्यात विरघळलेले क्षार तापल्यावर असे भांड्याला चिकटतात, आणि हेच क्षार डाळीच्या दाण्याला घट्ट धरून ठेवतात, मऊ होऊ देत नाहीत. मावशी चुलीपाशी ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "मंग मला कामून बोलतेत सगळे? डाळ शिजंना, डाळ शिजंना. तुमच्या पाण्याला बोला की."

त्या मुलीनं विचारलं, "बाई, गावातलं समदंच पाणी असं हाय का?"

मला उत्तर माहीत नव्हतं. मी म्हणाले, "आणा उद्या. ज्याच्या घरी जिथलं पाणी येतं, तिथलं बाटलीत भरून आणा."

दुसऱ्या दिवशी वर्गात बाटल्यांची रांग लागली. शाळेचा बोअर, मारुतीच्या पाराजवळचा हातपंप, वरच्या आळीचा बोअर, शेतातल्या विहिरी, आणि बौद्धवाड्यामागची ओढ्याकाठची जुनी विहीर. प्रत्येक बाटलीत सारख्याच मापाचं पाणी ठेवलं, साबणाचा सारखाच किसलेला चुरा टाकला आणि मुलांनी बाटल्या हलवल्या. बोअरच्या बाटल्यांत नुसता दह्यासारखा साका जमला. एका बाटलीत मात्र गळ्यापर्यंत फेस आला आणि बराच वेळ टिकला. ती बौद्धवाड्यामागच्या विहिरीची होती.

मुलं टाळ्या पिटत होती, पण मी टाळी वाजवली नाही. मी स्वतः बौद्ध घरातली. माझ्या खोलीत बुद्धाची छोटी मूर्ती आहे हे गावाला पहिल्याच दिवशी कळलं होतं. हा निकाल पाण्याचा मानला जाणार नाही, माझा मानला जाईल, हे मला तिथंच उभ्या उभ्या कळलं.

मावशींना मी काहीच सांगितलं नाही. पण पोरांनी सांगितलंच. दोन-तीन दिवस त्या बोअरच्याच पाण्यात डाळ शिजवत राहिल्या. मग एका सकाळी मी शाळेत आले तर शेडमध्ये पाण्यानं भरलेल्या दोन घागरी, आणि डाळ चुलीवर मऊसूत झालेली. "कुठून आणलंत?" मी विचारलं. त्यांनी नुसती मान ओढ्याच्या दिशेनं वळवली. मी म्हणाले, "लोक बोलतील, मावशी." त्या म्हणाल्या, "बोलू द्या. जळण मला आणावं लागतंय, लोकायला न्हाई."

लोक बोलले. चार-पाच मुलं घरून डबा आणायला लागली. त्यात ती मुलगीही होती. ती डबा उघडायची आणि बाकीच्यांच्या ताटांकडं न पाहता खाली मान घालून जेवायची. मी तिला एका शब्दानं काही विचारलं नाही. मुलांच्या पंगतीत असं वेगळं बसलेलं पोर बघणं मला फार जड जायचं, कारण माझ्या आईनं तिच्या शाळेतल्या अशा गोष्टी मला सांगितल्या होत्या. फक्त तेव्हा वेगळी बसवलेली मुलगी आमच्या बाजूची होती.

आठवड्याभरात तिचे वडील शाळेत आले. उंच, हळू बोलणारा माणूस. खुर्चीवर बसले, चहा घेतला नाही.

"बाई, तुमी शिकलेल्या हाव. पर खामखा गावात वाद कामून लावायलाव? पाणी पाण्यासारखं असतंय. तुमाला तीच हीर बरी दिसली."

मी म्हणाले, "मला नाही दिसली. साबणाला दिसली."

"साबण तुमीच टाकला ना."

तेवढ्यात त्यांची लेक दारातून म्हणाली, "मंग तुमीच टाका, बाबा."

तिनंच युक्ती काढली. तिनं आणि तिच्या मैत्रिणीनं बंद खोलीत सगळ्या ठिकाणच्या पाण्याच्या बाटल्या भरल्या आणि त्यांच्यावर खडूनं नुसते आकडे घातले. कुठल्या आकड्याचं पाणी कुठलं, ते त्या दोघींनाच ठाऊक. मलाही माहीत नव्हतं. वडिलांनी स्वतःच्या हातानं साबण किसला, स्वतः बाटल्या हलवल्या. सगळा वर्ग खिडकीशी जमला होता. एका बाटलीत फेस वर चढत गेला. त्यांनी ती उजेडाकडे धरली.

"कुठली हाय ही?"

मुलगी म्हणाली, "बौद्धवाड्यामागची." मग जवळच्या, साका जमलेल्या बाटलीकडे बोट दाखवून म्हणाली, "आन ही आपल्या बोअरची."

त्यांनी बाटली खाली ठेवली, हात धोतराला पुसले आणि ते निघून गेले. मला वाटलं, आता बदलीचा कागद येईल. तो आला नाही. दुसऱ्या दिवशी मुलीच्या दप्तरात डबा नव्हता. ती पंगतीत येऊन बसली आणि मावशींनी तिला न विचारता दोन पळ्या जास्त वाढल्या. बाकीचे डबे हळूहळू बंद झाले, एक सोडून. तो मुलगा सातवी संपेपर्यंत डबा घेऊन आला. त्याच्यावर मी कधी जोर केला नाही.

मुलांचा पुढचा प्रश्न साहजिक होता: त्याच विहिरीचं पाणी हलकं का? त्यासाठी आम्ही ओढ्यानं चालत वर गेलो. शनिवारची सकाळची शाळा असायची, ऊन कोवळं असायचं. मुलं वाटेत बाभळीच्या शेंगा, शंख, खेकड्यांची बिळं दाखवत चालायची. विहिरीच्या वरच्या अंगाला दगडी बंधारा होता. पावसाचं पाणी तिथं अडायचं आणि मुरमातून झिरपत विहिरीत उतरायचं. बोअरचं पाणी खोल खडकात कितीतरी वर्षं बसलेलं, म्हणून ते खडकातले क्षार उचलून आलेलं. हे पाणी मात्र मागच्या पावसाळ्याचंच. हे समजावताना मला फळा लागला नाही. मुलांनी हातानं वाळू उकरली आणि खाली ओल लागली.

पण बंधारा गाळानं काठोकाठ भरला होता. त्या उन्हाळ्यात विहीर तळाला गेली. मावशी पुन्हा बोअरचं पाणी वापरायला लागल्या आणि पोरं हिरमुसली. तेव्हा त्या मुलीनं घरी जाऊन वडिलांना काय सांगितलं ते मला नंतर कळलं. तिनं पाण्याचं नावच काढलं नव्हतं. "बंधाऱ्यातला गाळ लय काळाभोर हाय बाबा, आपल्या खालच्या तुकड्यात टाकला तर कापूस कसा येईल?" एवढंच ती म्हणाली होती.

त्यांनी ट्रॅक्टर लावला. त्यांचं बघून दुसऱ्यांनी लावला. बौद्धवाड्यातले तरुण फावडी घेऊन उतरले, त्यांनाही त्यांच्या थोड्याशा रानासाठी गाळ हवा होता. कोणी भाषण केलं नाही, कोणी कोणाला जवळही घेतलं नाही. एकाच खड्ड्यात उभं राहून सगळ्यांनी गाळ भरला आणि दुपारी एकाच कडुनिंबाखाली, आपापल्या भाकरी घेऊन बसले. मी मुलांना घेऊन काठावर उभी होते. आजही त्या शाळेची आठवण काढली की मला वर्ग दिसत नाही, तो गाळ उपसलेला काळा खड्डा आणि त्याच्या काठावर रांगेत उभी राहिलेली, निळ्या-पांढऱ्या कपड्यांतली माझी मुलं दिसतात. पुढच्या पावसाळ्यानंतर विहीर माघ संपेपर्यंत भरलेली राहिली.

मग माझी बदली झाली, सेलू तालुक्यात. निघताना मावशींनी मला तुरीची डाळ बांधून दिली आणि डोळे पुसत मला दटावलं, "तिकडं गेल्यावर आदी पाणी बघा, मंग खोली बघा."

गेल्या वर्षी देवगाव फाट्यावर मी परभणीच्या गाडीची वाट पाहत बसले होते. एक तरुण बाई कडेवर लेकरू घेऊन समोर येऊन उभी राहिली. "बाई, ओळखलं न्हाई का?" वेण्या नव्हत्या, म्हणून मला ओळखायला क्षण लागला. तिचं सासर तिथून जवळच. आम्ही हॉटेलात चहा घेतला. लेकरानं बशी ओढून सांडली, तिनं ती शांतपणे पुसली.

मी गावाचं विचारलं. मावशी आता थकल्यात, लेकाकडं राहतात. गावात फिल्टरचं पाणी विकणारं मशीन बसलंय, सगळे जार घेतात, तिचे वडीलही. "अन् विहीर?" मी विचारलं.

"हाय की. सैपाकाला हिरीचंच पाणी नेतेत. बाबा कधी स्वतः गेले न्हाईत तिकडं, गडी पाठवतेत. पर गाळ मात्र काढतेत, दर दोन-तीन सालाला. मागच्या साली न्हाई काढला, लगीन होतं भावाचं."

ती सासरच्या पाण्याबद्दल सांगायला लागली. तिथला बोअर तर आमच्या गावापेक्षा वाईट. तिनं लग्नानंतर पहिल्या महिन्यात चार ठिकाणचं पाणी बाटलीत भरून सासूपुढं हलवलं होतं. सासू म्हणाली, ही पोरगी येडी हाय का. आता तीच सासू शेजारणींच्या बाटल्या तपासून देते.

"तिथं पण ओढा आहे का गं?" मी विचारलं.

"हाय. पर बंधारा न्हाई." लेकराचं तोंड पदरानं पुसत ती म्हणाली, "गावातल्या शाळेत एक नवीन सर आलेत विज्ञानाचे. त्यांना विचारायचंय मला, पोरायला घेऊन वर चलता का म्हणून. तुमी येताव का एखाद्या शनिवारी?"

मी हो म्हणाले. तिनं माझा नंबर घेतला, आणि लेकराच्या हातातली माझी छत्री सोडवायला आम्हाला दोघींना बराच वेळ लागला.